‘सुरक्षित’ क्लीनर, पण कोणासाठी? दुबई मरीनातील चकचकीत गाड्यांमागचा हिशेब

दुबईत गाडी स्वच्छ ठेवणे हा केवळ हौसेचा भाग नाही. सार्वजनिक जागी दीर्घकाळ धूळ खात पडलेल्या गाडीला दुबई महापालिका ५०० दिरहम दंड आकारते. आधी काचेवर सूचना चिकटवली जाते आणि दिलेल्या मुदतीत मालक फिरकला नाही, तर गाडी उचलून नेली जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिना-दीड महिना मायदेशी जाणाऱ्या कुटुंबांना विमानाच्या तिकिटांबरोबर गाडी पुसून घेण्याचीही तजवीज करावी लागते, ती यामुळेच. दुबई मरीनात तर गाडीची निगा हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. पहाटे टॉवरच्या पार्किंगमध्ये बादली, मायक्रोफायबरचे फडके आणि फवाऱ्याची बाटली घेऊन फिरणारे कामगार, घरपोच डिटेलिंग करणाऱ्या व्हॅन, सिरॅमिक कोटिंगची जाहिरात करणारी दुकाने आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच गाडी साफ करायला बसणारे हौशी मालक, असा हा सारा पसारा आहे.

या सगळ्यांच्या हातातील बाटलीवर बहुधा दोनपैकी एक नाव असते: ‘ऑल पर्पज क्लीनर’ किंवा ‘डिग्रीझर’. त्याखाली अनेकदा एक आश्वासनही छापलेले असते: ‘सेफ’. हे सुरक्षित कोणासाठी, याचा खुलासा मात्र लेबलवर क्वचितच सापडतो. गाडीच्या रंगासाठी? आतील लेदरसाठी? मागच्या आसनावर बसणाऱ्या मुलासाठी? ती बाटली दिवसभर हाताळणाऱ्या कामगारासाठी? की ते पाणी अखेर जिथे पोहोचते त्या मरीनाच्या कालव्यासाठी? या पाचही प्रश्नांचे उत्तर एकच असेल असे नाही. खरेदी करताना आपण बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रश्नांपाशीच थांबतो. उरलेले तीन प्रश्न विचारले, तर कोणती बाटली घ्यावी याचा विचार कुणाच्या वेळेला किती किंमत द्यावी इथपर्यंत येऊन पोहोचतो.

मळ साधा, औषध जालीम

मरीनातील गाडीवर नेमके काय साचते, हे आधी पाहू. वाळवंटातील बारीक धूळ, समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेतील मीठ आणि शेख झायेद रोडवरील वाहतुकीची काजळी व ब्रेकची भुकटी. रात्री या धुळीवर दव धरते, सकाळी ते सुकते आणि धुळीचा पातळ थर रंगाला घट्ट चिकटतो. हा थर हट्टी वाटला, तरी त्यात तेलाचा अंश थोडाच असतो. पुरेसे पाणी आणि उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही, असा सौम्य शाम्पू एवढ्याने तो निघतो. खरे ग्रीस आणि तेल सापडते ते चाकांच्या आतल्या बाजूला, दारांच्या बिजागऱ्यांवर आणि इंजिनाच्या कप्प्यात. गाडीच्या आत जो मळ असतो तो हातांच्या घामाचा, त्वचेच्या तेलाचा, सांडलेल्या चहाचा आणि मुलांच्या खाऊचा.

म्हणजे डिग्रीझरची खरी गरज गाडीच्या फार थोड्या भागाला असते. तरीही व्यवहारात तोच पुष्कळदा दारापासून डॅशबोर्डपर्यंत सर्वत्र मारला जातो. याचे कारण समजून घ्यायला स्वच्छताशास्त्रातील एक जुने सूत्र उपयोगी पडते. जर्मनीच्या हेंकेल कंपनीतील रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली ते मांडले. कोणतीही स्वच्छता चार गोष्टींच्या बेरजेतून साधते: रसायन, घासण्याची क्रिया, तापमान आणि वेळ. यांपैकी एक कमी केली, तर तिची भरपाई उरलेल्या तिघींपैकी कुणाला तरी करावी लागते. ‘सिनरचे वर्तुळ’ या नावाने ते आजही कपडे धुण्याच्या यंत्रापासून रुग्णालयांच्या साफसफाईपर्यंत सर्वत्र शिकवले जाते.

हे वर्तुळ टॉवरच्या पार्किंगला लावून पाहा. गाडी पुसण्याचा दर महिन्याचा ठरलेला, गाड्या पुष्कळ आणि मालक कामाला निघण्याआधी सगळ्या आटोपायच्या; म्हणजे वेळ कमी. जोरात घासले तर रंगावर ओरखडे येतात. म्हणजे घासण्यालाही मर्यादा. पाणी बादलीभर आणि तेही साधे; म्हणजे तापमानाची मदत नाही. उरले ते रसायन. जालीम बाटलीची निवड बहुतेक वेळा अज्ञानातून होत नाही, घाईतून होते. कामगाराला नाकारलेली मिनिटे ती बाटली भरून काढत असते.

राख, चिंच आणि काळवंडलेले पातेले

ऑल पर्पज क्लीनर आणि डिग्रीझर यांच्यातील फरक जातीचा नाही, तीव्रतेचा आहे. दोन्हींत साधारण चार प्रकारचे घटक असतात. पहिला, सर्फॅक्टंट, म्हणजे तेल आणि पाणी यांची गाठ घालून देणारा फेसाळ घटक. दुसरा, अल्कली: सौम्य उत्पादनांत सोडियम कार्बोनेट किंवा सायट्रेट, तर कडक उत्पादनांत सोडियम मेटासिलिकेट किंवा थेट कॉस्टिक सोडा. तिसरा, द्रावक: ग्लायकॉल इथर, संत्र्याच्या सालीतील तेल किंवा पेट्रोलियमजन्य द्रव. चौथा, रंग, सुगंध आणि टिकाऊपणासाठी घातलेली पूरक द्रव्ये.

हे रसायनशास्त्र आपल्याला वाटते तितके परके नाही. तेलकट भांड्याला राख आणि तांब्या-पितळेला चिंच, ही विभागणी आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आली. राखेतील अल्कली तेलाचा साबण करते, चिंचेतील आम्ल धातूवरील डाग विरघळवते. ॲल्युमिनियमचे पातेले सोड्याने घासले की काळवंडते, हेही त्याच स्वयंपाकघरात शिकलेले. आजच्या महागड्या गाडीच्या खिडक्यांभोवतीची चंदेरी पट्टी अनेकदा त्याच धातूची असते. ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. म्हणूनच कडक क्लीनरने वारंवार धुतलेल्या गाड्यांच्या पट्ट्यांवर दुधाळ ओघळ उमटतात, आणि ते कोणत्याही पॉलिशने पुसले जात नाहीत.

या तीव्रतेचे माप म्हणजे सामू, ज्याला आपण बोलताना पीएच म्हणतो. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल आणि वर अल्कधर्मी. हे माप पायरीगणिक दहापट वाढते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी विसरली जाते. ९.५ सामूच्या क्लीनरपेक्षा १२.५ सामूचा डिग्रीझर ‘थोडा कडक’ नसतो. त्यातील अल्कधर्मी आयनांचे प्रमाण हजारपट असते. दुसरा गैरसमज पाणी घालण्याविषयी आहे. एक भाग डिग्रीझर आणि दहा भाग पाणी असे केले, तर सामू जेमतेम एकाने उतरतो. १२.५चा द्रव ११.५वर येतो, ९वर नाही. पाणी घातल्याने एकूण दाहकता नक्कीच घटते, पण मुळात कडक असलेले उत्पादन पाण्याने सौम्य जातीचे होत नाही.

गाडीच्या आतील पृष्ठभागांचा विचार केला, तर याचे महत्त्व अधिकच वाढते. बहुतेक लेदर आसनांवर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. कडक अल्कली त्याला निस्तेज करते. हेडलाइटचे आवरण पॉलिकार्बोनेटचे असते. त्याला द्रावक आणि तीव्र अल्कली यांमुळे केसासारख्या भेगा पडू शकतात. टचस्क्रीनवरील चमकरोधी थराला अमोनियायुक्त काचेचे क्लीनर चालत नाहीत. तिथे किंचित ओलसर मायक्रोफायबर पुरेसे असते. विद्युत गाडी असेल, तर बॉनेटखालील नारिंगी तारांच्या आसपास डिग्रीझर आणि दाबाचे पाणी या दोहोंना मज्जाव असावा. ती जागा ओलसर फडक्याने पुसण्यापलीकडे घरच्या प्रयोगांची नाही.

दुबईचे ऊन हिशेब बदलते

बाटलीवरील सूचना बहुधा समशीतोष्ण हवामान गृहीत धरून लिहिलेल्या असतात. ‘फवारा, एक-दोन मिनिटे थांबा, पुसा’ हे युरोपातील वसंत ऋतूत ठीक आहे. ऑगस्टमधल्या दुबईत उन्हातून नुकत्याच आलेल्या गाडीवर तोच द्रव पाहता पाहता सुकतो. पाणी उडून जाते, रसायन मागे राहते, आणि जे प्रमाण एकास दहा म्हणून फवारले ते पृष्ठभागावर कितीतरी पटीने घट्ट होते. शिवाय तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेगही वाढतो. सिनरच्या वर्तुळातील तापमान इथे आपण न मागता मिळते, त्यामुळे रसायन त्या प्रमाणात कमी करायला हवे. प्रत्यक्षात उलटेच घडते.

गाडी किती तापते याची कल्पना अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून येते. उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांत डॅशबोर्डचे सरासरी तापमान सुमारे ६९ अंश सेल्सिअस आणि स्टिअरिंगचे सुमारे ५३ अंश आढळले. दुबईचा उन्हाळा याहून फारसा वेगळा नाही. आता एरोसोलच्या डब्यावरील इशारा आठवा: ५० अंशांहून अधिक तापमानात ठेवू नये. इंटिरिअर क्लीनर, टायर शायनर किंवा ब्रेक क्लीनरचा डबा ‘लागेल तेव्हा हाताशी असावा’ म्हणून डिकीत ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत उन्हाळ्यात असा डबा ठेवू नये.

संत्र्याच्या सालीपासून मिळणाऱ्या डी-लिमोनीन या द्रावकाचेही तसेच. ‘नैसर्गिक’ म्हणून त्याची जाहिरात होते, पण शुद्ध स्वरूपात त्याची वाफ सुमारे ४८ अंशांना पेट घेऊ शकते. पाणी मिसळलेल्या उत्पादनात हा धोका कमी असतो. घट्ट स्वरूपातील सिट्रस डिग्रीझर मात्र गाडीत किंवा उन्हाच्या बाल्कनीत ठेवण्याची वस्तू नाही.

हात कोणाचे?

आतापर्यंतचे नुकसान वस्तूंचे होते. वस्तू बदलता येतात. खरा प्रश्न हातांचा आहे.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात ऑगस्ट २०१५मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात मोटारी आणि ट्रक धुणाऱ्या कामगारांना हायड्रोफ्लुओरिक आम्लामुळे भाजल्याच्या ४८ घटना त्यात नोंदवल्या आहेत. सात जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, त्यांपैकी दोघांवर शस्त्रक्रिया झाली. असे उत्पादन पोटात गेल्याने एका ट्रक धुणाऱ्या कामगाराचा मृत्यूही झाला. हे आम्ल चाकांचे ॲल्युमिनियम उजळवणाऱ्या आणि गंज काढणाऱ्या काही उत्पादनांत असते. त्याचा कपटी गुण असा की सौम्य प्रमाणात असेल तर वेदना लगेच होत नाही, काही तासांनी सुरू होते. तोवर ते त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावलेले असते. अमोनियम बायफ्लोराइड या निराळ्या नावाच्या घटकापासूनही तोच धोका संभवतो. चाकांच्या क्लीनरच्या घटकांत ‘फ्लोराइड’ हा शब्द कोणत्याही रूपात दिसला, तर ती बाटली परत ठेवावी. चाकांसाठी याहून सौम्य पर्याय बाजारात उपलब्ध आहेत.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. तेथील मोटार मेकॅनिकांमध्ये १९९९-२००० या काळात हातापायांच्या नसा बधिर होण्याचे विकार आढळले. त्यांचा संबंध ब्रेक साफ करण्याच्या एरोसोलमधील एन-हेक्झेन या द्रावकाशी लागला. क्लोरीनयुक्त द्रावकांना पर्याय म्हणून अशी उत्पादने बाजारात आली होती. एक घातक घटक काढून दुसरा आणला, तरी लेबलवरील ‘अमुक-मुक्त’ हा शब्द ग्राहकाला दिलासा देतच राहतो, हा त्यातील धडा आहे. क्लोरीनयुक्त द्रावकांचा प्रश्नही संपलेला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४मध्ये ट्रायक्लोरोएथिलीनच्या सर्व वापरांवर आणि परक्लोरोएथिलीनच्या ग्राहकोपयोगी वापरांवर टप्प्याटप्प्याने बंदी घालणारे नियम अंतिम केले. पुढे त्यांना न्यायालयात आव्हानही दिले गेले.

रोजच्या डिग्रीझरमधला अधिक सामान्य घटक म्हणजे २-ब्युटॉक्सिइथेनॉल. तो श्वासावाटे आणि त्वचेवाटे, दोन्ही मार्गांनी शरीरात जातो. कामाच्या जागेच्या हवेत त्याचे प्रमाण किती असावे, याची अमेरिकेतील कायदेशीर मर्यादा दशलक्ष भागांत ५० भाग आहे, तर त्याच देशातील व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस केवळ ५ भागांची आहे. मोकळ्या अंगणात महिन्यातून एकदा वापरणाऱ्याला याची फारशी चिंता नको. बंदिस्त पार्किंगमध्ये, गाडीची दारे अर्धवट मिटलेली असताना, एकामागून एक गाड्या साफ करणाऱ्याची गोष्ट निराळी. एकच उत्पादन मालकासाठी निरुपद्रवी आणि कामगारासाठी हानिकारक असू शकते. फरक मात्रेचा आहे.

अल्कलीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. कडक डिग्रीझर हाताला बुळबुळीत लागतो आणि धुतला तरी तो बुळबुळीतपणा लवकर जात नाही. त्या वेळी त्वचेतील चरबीचाच साबण होत असतो. डोळ्यात गेलेली अल्कली बहुधा आम्लाहून खोल इजा करते. असे घडल्यास सर्वप्रथम वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि मग डॉक्टरांकडे न्यावे. रुग्णवाहिकेसाठी अमिरातीत ९९८ हा क्रमांक आहे.

अमिरातीत कामगारांच्या संरक्षणाचे नियम आहेत. दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन थेट उन्हातील काम बंद ठेवावे लागते, आणि नियम मोडणाऱ्या आस्थापनेला कामगारामागे ५,००० दिरहम दंड होतो. कामगार संबंधांविषयीचा २०२१चा संघीय कायदा कामातील धोक्यांपासून संरक्षणाची साधने पुरवण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. पण दुपारच्या विश्रांतीचा नियम उन्हाचे मोजमाप करतो. तळघरात पहाटे पाचला वापरल्या जाणाऱ्या बाटलीपर्यंत तो पोहोचत नाही. हातमोजे पुरवण्याचे बंधन कागदावर असले, तरी ते दिले आहेत की नाहीत हे पाहणारा त्या वेळी तिथे कोणी नसतो. तिथून रोज गाडी काढणारा रहिवासी मात्र ते पाहू शकतो.

हिरव्या लेबलची भाषा

‘बायोडिग्रेडेबल’, ‘नॉन-टॉक्सिक’, ‘इको’, ‘प्लँट-बेस्ड’ या शब्दांना वजन आहे, पण प्रत्येकाचा अर्थ मर्यादित आहे. जैवविघटनशील म्हणजे ठरावीक काळात जीवाणूंकडून मोडले जाणारे. मोडेपर्यंत ते माशांना किंवा त्वचेला अपायकारक नसते असा त्याचा अर्थ होत नाही. वर उल्लेख केलेले डी-लिमोनीन वनस्पतिजन्य आहे, तरी ते पाण्यातील जीवांना विषारी आहे आणि हवेत जुने झाले की त्वचेवर ॲलर्जी आणू शकते. सुवासाचेही असेच. बंद गाडीत रेंगाळणारा ‘स्वच्छतेचा वास’ म्हणजे हवेत मिसळलेले द्रावक आणि सुगंधी रसायने. लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असलेल्या घराने सुगंधविरहित उत्पादन निवडणे शहाणपणाचे.

एप्रिल २०२४च्या अतिवृष्टीनंतर हा प्रश्न वेगळ्याच रूपाने समोर आला. १६ एप्रिलला अमिरातीने १९४९मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वाधिक पाऊस अनुभवला; अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे २४ तासांहून कमी वेळात २५४ मिलीमीटर पाऊस पडला आणि दुबईत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. भिजलेल्या गालिच्यावर आलेली बुरशी डिग्रीझरने जात नाही. आधी गालिचा आणि त्याखालचा थर पूर्ण सुकवावा लागतो, मग स्वच्छता. म्हणून जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा आत अति तीव्र सुगंध दरवळत असेल, तर त्याला गुण न समजता प्रश्न समजावे आणि गालिचा उचलून पाहावे.

लेबलपेक्षा विश्वासार्ह कागद म्हणजे उत्पादनाची सेफ्टी डेटा शीट. जगभर मान्य पद्धतीनुसार तिचे १६ भाग असतात, आणि प्रतिष्ठित उत्पादक ती संकेतस्थळावर ठेवतात किंवा मागितल्यास पाठवतात. सोळाही भाग वाचण्याची गरज नाही. भाग २ मध्ये धोक्याची चिन्हे आणि वाक्ये, भाग ३ मध्ये घातक घटक आणि त्यांचे प्रमाण, भाग ८ मध्ये हातमोजे-चष्मा यांची गरज आणि भाग ९ मध्ये सामू. पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होते. भाग २ मध्ये हातावर आणि धातूवर द्रव ओघळत असल्याचे चिन्ह दिसले, तर ते दाहक उत्पादन आहे. बाटलीच्या दर्शनी बाजूला ‘सेफ’ लिहिले असले तरी. ही शीट द्यायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याचे उत्पादन घेऊ नये. यासोबत दोन गोष्टी पाहता येतात. अमेरिकी पर्यावरण संस्थेचे २०१५पासून वापरात असलेले ‘सेफर चॉइस’ हे चिन्ह घटकांच्या छाननीनंतर दिले जाते. आणि दुबई महापालिकेच्या ‘मोंताजी’ या प्रणालीत ग्राहकोपयोगी उत्पादनांची नोंदणी होते. नोंदणी म्हणजे प्रत्येक वापरासाठी निर्धोक असल्याचा दाखला नव्हे, पण बिनलेबलच्या कॅनपेक्षा नोंदणीकृत बाटली केव्हाही बरी.

पाणी जाते कुठे

मरीनाचा सुमारे तीन किलोमीटरचा कालवा माणसाने खोदला, पण त्याची दोन्ही टोके आखाताला मिळतात. पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे आणि सांडपाण्याच्या वाहिन्या या दोन वेगळ्या व्यवस्था असतात. रस्त्याकडेच्या जाळीत ओतलेली बादली शुद्धीकरण केंद्रात जाईलच असे नाही. सर्फॅक्टंट माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. त्यांच्यातील नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट हा वर्ग तर इतका चिवट आणि संप्रेरकांवर परिणाम करणारा ठरला, की युरोपीय संघाने २००५पासून बहुतेक क्लीनरमधील त्याचे प्रमाण ०.१ टक्क्यापर्यंत मर्यादित केले. स्वस्त, बिननावाच्या डिग्रीझरमध्ये तो आजही असू शकतो. शीटच्या तिसऱ्या भागात ते नाव शोधावे. घरी साफसफाई केल्यावर उरलेले मळके पाणी रस्त्यावर न ओतता घरातील मोरीत किंवा कमोडमध्ये ओतणे हा साधा उपाय.

निवडीची कसोटी

वरील चर्चेतून निघणारा नियम एका वाक्यात सांगता येतो: सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करा आणि तो अपुरा पडला तरच पुढची पायरी चढा. आधी पाणी, मग उदासीन शाम्पू, मग विरळ केलेला ऑल पर्पज क्लीनर, आणि शेवटी, फक्त ग्रीस असलेल्या जागी, डिग्रीझर.

गाडीच्या आत सामू ७ ते ९.५ दरम्यान असलेले, सुगंधविरहित उत्पादन घ्यावे. ते थेट आसनावर न फवारता फडक्यावर घ्यावे. म्हणजे थेंब स्क्रीनवर आणि बटणांच्या फटींत जात नाहीत आणि श्वासातही कमी जातात. बाहेर, चाकांवर आणि बिजागऱ्यांवर ११ सामूपर्यंतचा विरळ द्रव चालतो, पण सावलीत, थंड पृष्ठभागावर आणि सुकण्याआधी भरपूर पाण्याने धुण्याच्या अटीवर. बॉनेटवर तळहात सहज ठेवता येत नसेल, तर काम थांबवावे. जिथे नंतर पाणी मारून धुणे शक्य नाही, तिथे कडक अल्कली वापरूच नये. तळघरातील बादलीभर पाण्याच्या धुलाईला ही अट सर्वाधिक लागू आहे.

घट्ट उत्पादन विकत घेणे स्वस्त पडते: एक लिटरमध्ये दहा लिटर पाणी घातले की अकरा लिटर क्लीनर मिळतो. पण मोजमाप अंदाजाने करू नये. अर्ध्या लिटरच्या बाटलीत एकास दहा प्रमाणासाठी साधारण ४५ मिलीलिटर द्रव आणि उरलेले पाणी लागते. बाटलीवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहावी. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत क्लीनर भरून ठेवण्याची सवय तर आजच सोडावी; तहानलेले मूल लेबल वाचत नाही. ब्लीच, आम्ल आणि अमोनिया यांपैकी काहीही एकमेकांत मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतात. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत रॉकेलने सुटे भाग धुताना ज्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी काहींना आजही पेट्रोल किंवा थिनरचा मोह होतो. आग, वाफ आणि रबराची फुगलेली सीले, तिन्ही कारणांनी तो टाळावा.

आणि जे स्वतः गाडी धूत नाहीत, म्हणजे आपल्यापैकी बहुसंख्य, त्यांच्यासाठी तीन प्रश्न आहेत. सेवा देणाऱ्या कंपनीला किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारा: तुम्ही कोणते उत्पादन वापरता आणि त्याची शीट मिळेल का? कामगारांना नायट्राइलचे हातमोजे दिले आहेत का? एका कामगाराकडे किती गाड्या आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतील. तिसऱ्याचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे, कारण पहिल्या दोहोंचे भवितव्य त्यावर ठरते.

सौम्य बाटली हातात द्यायची आणि गाड्यांची संख्या तीच ठेवायची, तर त्या बाटलीचा तोटा कामगाराच्या पाठीवर आणि झोपेवर पडतो. चार दिवसांत जालीम बाटली परत येते. यावर कुणी म्हणेल की दर कंपनी ठरवते, आपण केवळ ग्राहक. पण रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून तीनदा, नीट वेळ देऊन पुसा, असे सांगण्याचा अधिकार ग्राहकाचाच आहे, आणि त्याने खर्चही वाढत नाही. एकाच टॉवरमधील दहा-बारा कुटुंबांनी मिळून व्यवस्थापनाला हेच पत्र दिले, तर कोणती बाटली त्या तळघरात यावी, हे व्यवस्थापनाला ठरवावेच लागेल.